आजोबांना न मिळालेला तळमजला

"मॅडम, सिस्टीममध्ये तुम्ही नाहीच आहात."

बँकेतला तो अधिकारी माझ्याकडे न बघता बोलला. तिशीचा असेल. त्याने माझा पॅन नंबर टाकला आणि पडदा थोडा माझ्याकडे वळवला. मी चष्मा चढवून वाचलं. माझं नाव बरोबर होतं. जन्मतारीख बरोबर होती. कर्जफेडीच्या गुणांच्या जागी वजा एक.

"म्हणजे मी नापास?" मी विचारलं. आयुष्य शाळेत गेलेल्या बाईच्या तोंडून दुसरं काय निघणार.

"नापास व्हायला आधी पेपर द्यावा लागतो," तो म्हणाला, आणि शेजारच्या टेबलाकडे बघून हसला. शेजारचाही हसला. रांगेत बसलेल्या एक-दोघांनी माना वर केल्या.

"कधी काही हप्त्यावर घेतलंय? गाडी, फ्रीज, क्रेडिट कार्ड?"

"नाही. कधीच नाही." मी ताठ बसून सांगितलं. "अठ्ठावीस वर्षं नोकरी झाली. कुणाचा एक रुपया बुडवला नाही, कारण घेतलाच नाही."

"तोच तर प्रॉब्लेम आहे."

मग त्याने माझा घरकर्जाचा अर्ज हातात घेतला. मी तो इंग्रजीत लिहिला होता, दोनदा कच्चा करून, तिसऱ्यांदा पक्का. "कोणी लिहून दिला?"

"मीच लिहिला."

"इंग्लिश छान आहे हो. नाहीतर तुमच्यात..." तो थांबला. आडनावावरची नजर उचलली. "म्हणजे, तुमच्या वयाच्या बायकांचं एवढं नसतं."

वाक्य त्याने वळवलं. कुठून वळवलं ते मला कळलं.  पत्ता वाचून म्हणाला, "सातपूर. अच्छा, ती वस्ती. तो एरिया आमच्याकडे निगेटिव्हमध्ये आहे, तिथे लोन देत नाहीत. पर्सनली घेऊ नका."

मी घेतलं नाही असं दाखवलं. त्याला थँक्यू म्हटलं. मैत्री, नील, तुमची आजी त्या दिवशी त्या माणसाला थँक्यू म्हणाली. हे मी आधी लिहून टाकते.

गेल्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर मैत्रीने विचारलं होतं, "आजी, तू टीचर होतीस ना? मग तुझं घर अजून भाड्याचं कसं?" मी म्हणाले, भाड्याचं बरं असतं गं, छत गळलं तर डोकेदुखी मालकाची. तुम्ही दोघं खूप हसलात.  ते उत्तर खोटं होतं. मुलांना मी कधी खोटं उत्तर शिकवलं नाही, तेव्हा हे दुरुस्त करायला हवं. तुमचा बाबा म्हणतो, आईला सगळं क्रमाने लागतं. लागतंच. म्हणून क्रमाने सांगते.

तुमचे आजोबा सातपूरच्या एका फाउंड्रीत होते. लोखंड ओतायचे साचे वाळूचे असतात. ते फोडले की धूळ उडते. पंचवीस वर्षं ती धूळ त्यांच्या छातीत गेली. कंपनीने तोंडाला बांधायला फडकं दिलं आणि शेवटी एक घड्याळ दिलं. पन्नाशी ओलांडेपर्यंत फुप्फुसं दगड झाली होती. डॉक्टर म्हणाले, चालतं ठेवा, उन्हात बसवा, जिने नकोत.

आणि आम्ही दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. चौतीस पायऱ्या. उतरायचे ते कसेबसे, पण चढताना प्रत्येक वळणावर बसायचे. एकदा जिन्यातच तासभर बसले आणि वर आल्यावर म्हणाले, "मास्तरीण, आता मी नाय उतरायचो. वरच बरा हाय." मला ते मास्तरीणच म्हणायचे. माझी शाळेतली भाषा शुद्ध, त्यांची निफाडच्या बाजूची. माझ्या बोलण्याची ते नक्कल करायचे आणि त्यांच्या बोलण्याच्या चुका काढायची मला सवय.

त्यानंतर ते खिडकीत बसू लागले. खालून सकाळच्या पाळीचे कामगार मोटरसायकलींवर जायचे. हे वरून ओरडायचे, "ए बोंबल्या, हळू जा, कंपनी काय पळून चालली नाय!" खालून उत्तर यायचं, "तू ये ना खाली, म्हाताऱ्या! वरून काय राज्य करतो!" मग हे हसायचे आणि हसण्याचा खोकला व्हायचा. त्या 'खाली ये'चं उत्तर त्यांनी कधी दिलं नाही.

म्हणून मी घर शोधायला लागले. पाथर्डी फाट्याकडे नवीन इमारती होत होत्या. एका इमारतीत तळमजल्यावर दोन खोल्या मिळत होत्या. रस्त्यापासून दारापर्यंत एकही पायरी नाही. समोर छोटी मोकळी जागा, सकाळचं ऊन थेट तिथे. मी यांना खाली उतरवलं आणि रिक्षाने तिकडे नेलं. आधी ते दारात नुसते उभे राहिले. मग आत गेले. बाहेर आले. पुन्हा आत गेले. पुन्हा बाहेर. मालकाचा माणूस बघत राहिला. यांचे डोळे असे चमकत होते की मला वाटलं, दहा वर्षांनी लहान झाले.

"मास्तरीण, बघ," ते म्हणाले. "दम लागत नाय."

मी तिथल्या तिथे इसार दिला. मालकाने तीन महिन्यांची मुदत दिली. उरलेली रक्कम कर्ज काढून द्यायची. कर्जाची मला काळजी वाटत नव्हती. पगार होता, चांगलं नाव होतं, कागद होते.

आता तुम्ही विचाराल, कधीच उधार का घेतलं नाही? ते माझ्या वडिलांमुळे. ते विंचूरच्या कांदा मार्केटमध्ये हमाल होते. गावातला दुकानदार आम्हाला उधार द्यायचा, पण बाजाराच्या दिवशी, सगळं गाव जमलेलं असताना, वडिलांना जातीच्या नावाने हाक मारायचा आणि वहीतलं मोठ्याने वाचून दाखवायचा. तेल एवढं, गूळ एवढा. वडील मान खाली घालून उभे. मी सहा-सात वर्षांची, त्यांचं बोट धरून. एका बाजाराला त्यांनी सगळं फेडलं, गाव सोडलं आणि नाशिकला आल्यावर घरात एकच नियम केला. रोख असेल तर आणायचं, नसेल तर उपाशी निजायचं. आपलं नाव कुणाच्या वहीत नको.

तो नियम आम्ही धर्मासारखा पाळला. माझ्या लग्नातली साडीसुद्धा वर्षभर पैसे साठवून रोख घेतलेली. पुढे एका बँकेचा माणूस शाळेत येऊन सगळ्या शिक्षकांना फुकट क्रेडिट कार्डं देऊन गेला, तेव्हा मी माझं कार्ड नववीच्या वर्गात नेलं आणि मुलांसमोर कात्रीने कापलं. "ऐपत नसताना घेतलेली वस्तू आपली नसते," असं भाषणही दिलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मला फार आवडल्या होत्या.

बँकेत बसले तेव्हा कळलं की आपण इतकी वर्षं ज्याला अब्रू म्हणत होतो, तिची कुठे नोंदच नाही.

त्या अधिकाऱ्याने दोन रस्ते सांगितले होते. एक, एखादा मोबाईल हप्त्यावर घ्या, वर्षभर फेडा, मग या. दुसरा, जामीनदार आणा. "पण वजनदार आणा हं. तुमच्या वस्तीतला नको."

वर्ष आमच्याकडे नव्हतं.

तुमचा बाबा तेव्हा बाहेरगावी शिकत होता. शिक्षकखोलीत एका मैत्रिणीला विचारलं. एकोणीस वर्षं आम्ही दोघींनी डबा वाटून खाल्लेला. ती म्हणाली, "अगं, ह्यांना विचारून सांगते." दुसऱ्या दिवसापासून तिला डब्याच्या सुट्टीत वह्या तपासायच्या असायच्या.

मग उरले आमच्या शिक्षणसंस्थेचे सचिव. गंगापूर रोडला बंगला, द्राक्षाच्या बागा. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. मी गेले. त्यांनी बसा म्हटलं नाही. मी उभ्यानेच सांगितलं.

"जामीन ना? राहू की," ते म्हणाले. "तुम्ही काय परक्या? संस्थेच्याच. आमच्या नातीचं इंग्रजी जरा कच्चं आहे. संध्याकाळी येत जा दोन तास. सहीचं बघू सावकाश."

मी गेले. रोज. शाळा सुटली की थेट. बाजूच्या दाराने, स्वयंपाकघरामागच्या ओट्यावरून आत. माझ्यासाठी एक प्लॅस्टिकची खुर्ची होती. पहारेकऱ्याच्या खोलीतून आणली जायची आणि मी उठले की परत नेली जायची. दिवाणखान्यात सोफे होते, जेवणाच्या टेबलाला आठ खुर्च्या होत्या. मी मोजल्या होत्या. शिकवताना मधूनच नजर जायची. पोरगी हुशार होती, तिचा काही दोष नाही. महिन्याभरात तिचे क्रियापदांचे काळ सुधारले.

संध्याकाळ ही यांची वाईट वेळ. श्वास चढायचा तो दिवे लागण्याच्या सुमाराला. आधी मी शेजारी बसायचे, पाठीवरून हात फिरवायचे. ते दोन महिने ते त्या वेळी एकटे होते. घरी आले की विचारायचे, "झाली सही?"

"उद्या म्हणालेत."

"पेनात शाई भरायला बागेत गेलेत का काय?" असं म्हणायचे. पहिल्या महिन्यात. दुसऱ्या महिन्यात नुसते बघायचे.

मुदत संपायला आठवडा राहिला. अण्णांनी रविवारी सकाळी बोलावलं. संस्थेचे दोन पदाधिकारी बसलेले. नाश्ता चाललेला. बँकेचा कागद टेबलावर, अण्णांच्या हातात पेन, टोपण काढलेलं. मला वाटलं, झालं. मी बाजूला उभी राहिले.

अण्णा पाहुण्यांना म्हणाले, "ह्या लोकांना जामीन राहायला धजतं का कोणी, सांगा. ह्यांना फी माफ, वह्या माफ. उद्या म्हणतील, हप्तेही माफ करा!" दोघे हसले. एकाच्या तोंडात पोहे होते, त्याला ठसका लागला. अण्णा पुढे म्हणाले, "पण आमच्या बाई तशा नाहीत. बाई फार चांगल्या. काय बाई? सांगा ह्यांना, घर कोणामुळे होतंय तुमचं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

खरं सांगते. मी तोंड उघडलं होतं. "अण्णा, तुमच्यामुळे." दोनच शब्द होते आणि ते माझ्या जिभेवर आले होते. मला ते दार दिसत होतं, आणि आत-बाहेर करणारे तुमचे आजोबा. मी बोलले असते.

मला उशीर झाला म्हणून अण्णांनी पेन वर धरलं. हवेत. माझ्या डोळ्यांसमोर हलवलं. "आधी म्हणा, मग सही," ते म्हणाले. लाडाने. वाईट आवाजात नव्हे.

हे मी केलेलं आहे. बालवाडीतल्या मुलांपुढे गोळी अशीच वर धरून म्हटलेलं आहे, आधी प्लीज म्हण. मी चोपन्न वर्षांची होते. माझ्याकडे इंग्रजीची पदवी होती, बी.एड. होतं. माझ्या हाताखालून गेलेली मुलं शहरभर होती. माझा नवरा घरी श्वासासाठी झगडत होता. आणि तो माणूस माझ्यापुढे पेन हलवत होता.

मी टेबलावरचा कागद ओढून घेतला.

"अण्णा, सही नको. कर्ज माझ्या पगारातून फिटणार होतं. नातीचा अभ्यास आज संपला."

 मग अण्णा म्हणाले, "बाई, डोकं ठिकाणावर आहे ना? घर जाईल हातचं."

"जाऊ द्या."

मी पुढच्या दाराने निघाले. मोठ्या, पितळी कड्या असलेल्या दाराने. पायरी उतरल्यावर लक्षात आलं, चपला बाजूच्या दाराशी आहेत. बंगल्याला वळसा घालून त्या आणायला जावं लागलं. खिडकीतून त्यांचं हसणं ऐकू आलं. माझं बंड असं होतं, मुलांनो. अनवाणी, वळसा घालून.

घरी येऊन यांना सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "चपला घेतल्यास ना पण?"

मी हसले. ते हसले नाहीत. तोंड खिडकीकडे वळवलं. मला वाटलं होतं, शाबास म्हणतील. आयुष्यभर युनियनच्या मोर्चात पुढे चालणारा माणूस. त्यांनी शाबासकी दिली नाही. खिडकीबाहेर बघतच म्हणाले, "दार चांगलं होतं गं."

बस. पुन्हा त्या घराचं नाव त्यांनी काढलं नाही. मालकाने इसार परत केला नाही. मी मागितलाही नाही.

चार महिन्यांनी त्यांना खाली न्यावं लागलं. रुग्णवाहिकेचं स्ट्रेचर जिन्याच्या वळणावर फिरेना. मग त्यांना खुर्चीत बसवलं, माझ्या जुन्या पातळाने छातीशी बांधलं आणि चौघांनी उचललं. खालून यांना 'म्हाताऱ्या' म्हणणारा बोंबल्या त्यात होता. तो रडत होता. प्रत्येक वळणावर खुर्ची तिरपी करावी लागायची आणि यांची मान एका बाजूला पडायची. मी मागून मान धरली होती. खाली ऊन होतं. त्यांनी डोळे मिटून घेतले. इतक्या दिवसांनी ऊन आणि ते सहन होईना. तीन दिवसांनी दवाखान्यातच ते गेले. वर परत आले नाहीत.

हे गणित मी खूप वेळा तपासलं आहे. पेपर तपासतात तसं, लाल पेन घेऊन. मी नाही म्हणाले, आणि किंमत त्यांनी भरली. मी ते दोन शब्द बोलले असते तर त्यांना चार महिने ऊन मिळालं असतं. कदाचित जास्त. माझा ताठ कणा त्यांच्या उन्हातून आला आहे. कोणी मला धाडसी म्हणालं की मला ते सहन होत नाही. तुम्हीही म्हणू नका.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि दुसऱ्या दिवशी मी बँकेत गेले. तोच मुलगा. मी म्हणाले, "माझा अर्ज का नामंजूर केला, ते लिहून द्या."

"नकाराचं सर्टिफिकेट?" तो हसला. "मॅडम, हे आम्ही तोंडीच सांगतो."

"माझ्या वडिलांना गावात दुकानदार बोलायचा, तो वहीत बघून बोलायचा," मी म्हणाले. "तुमच्याकडे वहीपण नाही. मी लिहून मागते आहे."

त्याला काही समजलं नाही. मी चार वेळा गेले. चौथ्या वेळी व्यवस्थापकांनी एक ओळ टाइप करून दिली. इंग्रजीत. कर्जाचा पूर्वेतिहास अपुरा असल्याने अर्ज नामंजूर.

मी ती ओळ तिथेच उभी राहून वाचली. पुन्हा वाचली. वस्तीचं नाव नव्हतं. 'निगेटिव्ह' नव्हतं. 'तुमच्यात' नव्हतं. मला जे जे ऐकवलं होतं, त्यातला एकही शब्द कागदावर आणायची त्यांची हिंमत नव्हती. तोंडाने बोलायला कसली भीती नाही, कारण तोंडाचं बोलणं हवेत जातं आणि ऐकणारी बाई थँक्यू म्हणून घरी जाते.

त्या दिवशी माझ्या डोळ्यांवरचं काहीतरी निघालं. इतकी वर्षं मला वाटायचं, आपण स्वच्छ राहिलो, शुद्ध बोललो, वेळेवर गेलो, कुणाचं देणं ठेवलं नाही, की आपल्याला कोणी बोलणार नाही. मी यांच्या बोलण्यातल्या चुका काढत राहिले. 'हाय' नाही हो, 'आहे'. कशासाठी? जे बोलायचे ते बोललेच.

वडिलांचा नियम मी मोडला. मनातल्या मनात त्यांची माफी मागितली आणि एक मिक्सर हप्त्यावर घेतला. मग एक कपाट. वेळेवर फेडलं. पडद्यावर माझ्या नावापुढे आकडा आला, चांगला आला. तोवर मी निवृत्त झाले होते. तीच बँक म्हणाली, आता तुमचं वय झालं. मी तेही लिहून घेतलं.

आता वस्तीतल्या बायका माझ्याकडे येतात. कुणी कंपनीत कंत्राटी, कुणी मेसमध्ये पोळ्या लाटणारी. मी त्यांना सांगते, नवऱ्याच्या नावावर नको, तुझ्या नावावर घे काहीतरी, लहान असो, आणि फेड. अर्ज मी भरून देते, पण बोलायचं त्यांनी, त्यांच्याच भाषेत. मी कुणाचा 'हाय' दुरुस्त करत नाही. एकीला घर मिळालं आहे. पाच जणींकडे नकार आहेत, सहीशिक्क्याचे. आम्ही ते बँकेच्या वरच्या कचेरीत पाठवतो, आणि उत्तर नाही आलं तर पुन्हा पाठवतो.

तुमचा बाबा म्हणतो, आई, मी तुला फ्लॅट घेऊन देतो. त्याला सांगा, नको. तो चांगला मुलगा आहे, पण ज्याला चालायला जमीन हवी होती तो माणूस आता नाही. मी ह्या चौतीस पायऱ्या चढेन, जोवर चढवतील तोवर.

उद्या अकरा वाजता शोभाबरोबर बँकेत जायचं आहे. शोभा पोळ्या लाटते, अकरा वर्षं एकाच मेसमध्ये. परवा ती एकटी गेली तर तिला म्हणाले, "मावशी, नवऱ्याला पाठवा, तुम्हाला काय कळणार?" नवरा तिला सोडून गेलेला आहे. ती माझ्याकडे येऊन रडली नाही. "बाई, तुम्ही चला, पण बोलीन मीच," म्हणाली.

ती बोलेल. मी शेजारी बसेन. ते काय म्हणतात ते मी शब्दाला शब्द लिहून घेईन आणि त्यांच्यापुढे सहीला ठेवेन. सही करणार नसाल तर पुन्हा ते तोंडातून काढायचं नाही. काढलं, तर मी तिथून उठणार नाही. शटर ओढा, दिवे घालवा, पोलिसांना बोलवा. मी सहासष्ट वर्षांची आहे आणि आता मला घरी जायची घाई नाही.